एक वाटी भगर

यंदा आमची कन्या शिक्षणासाठी पुण्याला गेली. तिच्या आईने सामानात आठवणीने ‘रुचिरा’ ठेवले. कमलाबाई ओगल्यांचे हे पुस्तक १९७० साली निघाले. त्यातली मापे वाटी-चमच्याची, त्यामुळे नवशिक्याला तराजू शोधावा लागत नाही. मी मात्र पुस्तकावाचून शिकलो. हसू नका, गृहिणी ज्याला स्वयंपाक म्हणतात तो मला अजूनही येत नाही!

२००१ साली मी नागपूर विद्यापीठात एम. ए. करीत होतो. त्या पावसाळ्यात आमच्या बागेतला संत्र्याचा अंबिया बहर गळाला आणि घरून येणारे पैसे निम्म्यावर आले. मी खानावळ सोडली आणि कोराडीत स्वस्तातली खोली घेतली. खोली बदलल्याचे घरी कळवले, कारण कळवले नाही. ‘जेवण उत्तम आहे’ असे मात्र दर पत्रात लिहीत असे. खिडकीतून वीजकेंद्राची धुराडी दिसत. पण विजेची शेगडी लावायची नाही अशी घरमालकांची सक्त ताकीद. तेव्हा वातीचा स्टोव्ह आणि रॉकेल.

स्वस्त पडते म्हणून पहिल्याच आठवड्यात पाच किलो कणीक आणली. भर पावसाळ्यात तिला जाळी धरली. वांगी घ्यायची तर मी मोठी, वजनदार पाहून घेई. शेवटी भाजीवालीलाच राहवले नाही. “भाऊ, भरताचं वांगं हातात हलकं लागलं पाहिजे. जड असलं का नुसत्या बियाच रायते.” भाषाशास्त्राच्या तासाला मी इतके कान देऊन कधी ऐकले नव्हते.

कोराडीच्या जगदंबेला नवरात्रात मोठी गर्दी लोटते. गावच्या बायांबरोबर आई दर्शनाला आली आणि न कळवता माझ्या दारात उभी राहिली. कोपऱ्यात स्टोव्ह, भिंतीशी चार पुड्या, पातेल्यात कांदा घातलेले पिठले. तिने सगळे पाहिले, विचारले काहीच नाही. मी ताट मांडू लागलो तेव्हा म्हणाली, “मले उपास हाये ना रे.”

मी वाण्याकडे धावलो. भगर, शेंगदाणे, जिरे. “हळद नका टाकू,” एवढे त्याने बजावले. भगर फुगते हे कुणी सांगितले नाही. एका माणसाला एक वाटी, असा हिशेब मीच केला. ती पातेल्याच्या काठावर आली आणि तळाला लागली. निवडली नव्हती, तेव्हा खडेही होतेच.

आई भिंतीला टेकून जेवली. घरी ती सगळ्यांच्या मागून, उरलेले घेऊन चुलीपाशी बसे. तिला कुणी वाढते आहे, असे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले. एकदा तिने दाताखालचा खडा पदराआड काढला आणि लगेच वाटी पुढे करून आणखी मागितले.

“खानावळ कधी सोडली तू?”

“ऑगस्टात.”

“बाबांले सांगू नको.” मग जरा वेळाने, “कणीक अर्धा किलोच आणत जाय.”

जळके पातेले घासायला ती उठली, तेव्हा मी ते तिच्या हातून ओढून घेतले. त्यावरून आमची चांगलीच झटापट झाली.

परवा पुण्याहून लेकीचा फोन आला. “बाबा, काळजी करू नका. जेवण उत्तम आहे.”

दिवाळीला ती येणारच होती. तरी मी पुण्याच्या गाडीचे तिकीट काढून ठेवले.