खर्जाचा धनी कोण?

गाणे ऐकणारा मनुष्य स्वभावतःच गळ्याकडे धाव घेतो, आणि त्यात त्याचा काही अपराध आहे असे मानण्याचे कारण नाही. शब्द गळ्यातून येतात, शब्दांबरोबर अर्थ येतो, अर्थाबरोबर गायिकेची मुद्रा डोळ्यांपुढे उभी राहते, आणि एवढा सगळा परिवार दारी आल्यावर त्या गाण्याच्या तळाशी जो मंद्र स्वर अखंड चाललेला असतो त्याची विचारपूस करण्यास कोणास सवड उरत नाही. बास गिटार वाजविणाऱ्याचे नशीब असे चमत्कारिक आहे. त्याने काम चोख केले तर ते कोणाच्या लक्षात येत नाही, आणि चुकले तर मात्र गाण्याला काय झाले असे सर्वांस वाटू लागते.

१९७० च्या आरंभी अमेरिकेत सायमन आणि गारफंकल या जोडीची ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. सॉफ्ट रॉक या नावाने पुढे जो सौम्य, गेय संप्रदाय रूढ झाला, त्याच्या अव्वल कृतींत तिची गणना करण्यास हरकत नसावी. तिच्या शीर्षकगीताचा बराच मोठा भाग पियानो आणि एकटा गळा यांवर उभा आहे. त्या निर्मनुष्य शांततेत श्रोता इतका स्थिरावतो, की उत्तरार्धात ताल आणि खर्ज प्रवेश करतात तेव्हा कोणी आत आले हे त्यास कळतही नाही, गाणे एकाएकी विशाल झाले एवढेच जाणवते. तो खर्ज जो ऑस्बॉर्न यांचा. या एका गीतासाठी त्यांनी बास गिटारीचे दोन स्वतंत्र भाग वाजविले, एक मंद्रातला आणि एक वरच्या अंगाचा. खालचा भाग जमीन धरून चालतो, वरचा गळ्याच्या जवळपास वावरतो, आणि दोहोंमधल्या मोकळ्या जागेत पियानोस हातपाय पसरावयास मिळतात.

ऑस्बॉर्न हे लॉस एंजेलिसमधले रोजंदारीचे वादक, म्हणजे ज्याचे बोलावणे येईल त्याच्या ध्वनिमुद्रणास जावे, दिवसाचा मेहनताना घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या दारी उभे राहावे अशा पेशाचे. बोटांऐवजी पिकने तार छेडण्याच्या रीतीमुळे त्यांच्या प्रत्येक स्वरास एक स्वच्छ कड आलेली असे. १९६६ साली त्यांच्याच गॅरेजातील ध्वनिमुद्रणशाळेत कॅरन कार्पेंटर ही सोळा वर्षांची मुलगी गायली होती, आणि पुढे कार्पेंटर्स या बहीणभावांच्या मुद्रिकांवर त्यांनीच बास वाजविली. कॅरनचा आवाज मुळातच ढाल्या पट्टीचा. अशा आवाजाखाली बास वाजविणे म्हणजे दोन मोठ्या माणसांनी एका अरुंद जिन्यावरून उतरणे होय. ती खाली उतरली की ऑस्बॉर्न थांबतात, ओळ संपून ती श्वास घेते तेवढ्यात चार पावले वर चढून येतात, आणि पुढचा शब्द उमटण्यापूर्वी जागा मोकळी करतात. मला ही त्यांची सर्वांत मोठी कला वाटते. वेगाने बोटे चालविणारे वादक पुष्कळ भेटतील. कोठे वाजवू नये हे ज्यास नेमके उमगले असे थोडे.

येथे कोणी म्हणेल की डहाणूसारख्या गावी, मुंबईपासून सव्वाशे किलोमीटरांवर, चिकूच्या वाड्यांत बसून या परकीय खर्जाची चौकशी कशास? परंतु आपण सारे ज्या चित्रगीतांवर वाढलो, ती याच पद्धतीने, रोजंदारीच्या वादकांच्या हातून, घडलेली आहेत. १९५७ साली विविध भारती सुरू झाली आणि घरोघरच्या रेडिओतून ती गाणी आपल्या ओसरीवर आली. गंमत अशी, की बास गिटारीची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ४१ कंपने करते, आणि तळहाताएवढ्या ट्रान्झिस्टरचा कर्णा इतका खोल स्वर मुळी उच्चारूच शकत नाही. तरीही तो आपणास ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण त्याचे वरचे उपस्वर कानी पडताच मूळ स्वर कोणता असावा हे मेंदू आपल्या हिशेबाने भरून काढतो. म्हणजे कित्येक वर्षे आपण जो खर्ज ऐकला तो अर्धा वादकाने वाजविला होता आणि अर्धा आपल्या कानांनी.

राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजविणारे टोनी वाझ, किंवा अनेक संगीतकारांकडे बास आणि ट्रान्सिकॉर्ड हे विजेवरचे वाद्य वाजविणारे चरणजित सिंग, यांची नावे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असतील? बर्मन यांचेच संगीत असलेला ‘यादों की बारात’ हा चित्रपट १९७३ चा; त्यातली गाणी तालुक्यातल्या कोणत्याही वरातीत आजही वाजतात. तबकडीच्या वेष्टनावर नायकनायिकांची चित्रे असत, संगीतकार, गीतकार, गायक यांची नावे असत. वाजविणाऱ्यांची जागा बहुधा कोरी. चरणजित सिंगांची कथा तर अधिकच विलक्षण. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकास बासची साथ मिळावी म्हणून एका जपानी कंपनीने टीबी-३०३ नावाचे यंत्र काढले. बासवाल्याचा बदली कामगारच म्हणा ना. हे यंत्र या बासवाल्यानेच हाती घेतले आणि १९८२ साली त्यावर दहा रागांची एक डिस्को ध्वनिमुद्रिका काढली. तिची त्या वेळी कोणी दखल घेतली नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रातून नृत्यसंगीताचा एक नवा पंथ काढला, तो जगभर गाजला, आणि २०१० साली सिंगांची मुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर पाश्चात्त्य रसिक तिचे पूर्वकालीनत्व पाहून थक्क झाले. २०१५ साली ते वारले. उतारवयात का होईना, त्यांस नाव मिळाले; पण ते यंत्रावरच्या कामाचे, त्यापूर्वी इतरांच्या गाण्यांखाली वाजविलेल्या बासचे नव्हे.

हा प्रघात अटळ आहे असे मात्र नाही. ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’च्या वेष्टनावर ऑस्बॉर्न यांचे नाव छापलेले आहे. त्याच अमेरिकेत मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांना खर्जाचा आधार देणारे जेम्स जेमरसन हे मात्र १९७१ पर्यंत अनाम राहिले. त्या वर्षी मार्विन गे यांच्या मुद्रिकेवर त्यांचे नाव गौरवाने छापले गेले आणि कंपनीचे त्यात काही नुकसान झाले नाही. फार दूर कशास जावे? १९४९ च्या ‘महल’मधील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून लता मंगेशकरांचे नाव नव्हते, चित्रपटातील पात्राचे, कामिनीचे, होते. श्रोत्यांनी रेडिओवाल्यांस पत्रांवर पत्रे धाडून गाणारी कोण हे विचारले, तेव्हा ते नाव जाहीर झाले. गायकांची नावे श्रोत्यांच्या आग्रहाने दप्तरी दाखल झाली. वादकांसाठी असा आग्रह आपण कधी धरला नाही.

कायद्याकडे पाहावे तर तेथे मौजच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सादरकर्त्याचे हक्क विस्ताराने दाखल झाले आणि सादरकर्ता या व्याख्येत वादकाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे असा नैतिक हक्कही त्यास मिळाला. परंतु त्याच दुरुस्तीने व्याख्येस एक परंतुक चिकटविले, की चित्रपटातील ज्या इसमाचे काम प्रासंगिक वा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत वा अन्यत्र कोठेही दिले जात नाही, त्यास, आपल्या कामाची विकृती झाल्यास तक्रार करण्यापुरते सोडून, सादरकर्ता समजू नये. आजवर नाव दिले नाही, सबब पुढेही मागता येणार नाही, असाच याचा व्यवहारात अर्थ निघू शकतो! ज्याच्यावाचून गाण्याचा पाया उभा राहत नाही त्याचे काम आनुषंगिक ठरविण्याची मुभा एखाद्या निर्मात्यास मिळावी, हे मला मान्य होण्यासारखे नाही.

या उलट, आपल्या तालुक्यातल्या एका परंपरेस हा प्रश्न कधी पडलाच नाही. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे, ज्यांस २०११ साली पद्मश्री मिळाली आणि जे २०१८ साली निवर्तले, त्यांच्या चित्रांतील तारपानृत्य डोळ्यांपुढे आणावे: नाचणाऱ्यांची साखळी वेटोळे घेत चालली आहे आणि मध्यभागी, जेथे सारी दृष्टी जाऊन ठरते, तेथे तारपेकरी उभा आहे. भोपळा, दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा एवढ्या सामग्रीवर तो रात्रभर नाचणाऱ्यांची पावले बदलवितो. चित्रकाराने पानाच्या मध्यावर बसविले ते वाजविणाऱ्यास. शहरातल्या वेष्टनकारांनी त्याच इसमास पानाबाहेर काढले.

तेव्हा आकाशवाणीच्या निवेदकांनी गाणे लावताना, ज्ञात असेल तेथे, एखाद्या वादकाचेही नाव घ्यावे. गाण्यांचे डिजिटल व्यापार करणाऱ्या कंपन्यांनी, जुने वादक हयात आहेत तोवर त्यांच्या आठवणींतून नोंदी तपासून प्रत्येक गाण्याशी जोडाव्यात. डीजेच्या भिंतीपुढे बेस वाढव म्हणून ओरडणाऱ्या तरुणांकडून मला तूर्त काही अपेक्षा नाही. त्यांस जो हवा आहे तो छातीवर बसणारा ठोका. पण आपल्याकडच्या सांस्कृतिक महोत्सवांचे संयोजक सुज्ञ आहेत. त्यांच्या पत्रिकांत उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि त्यांची पदे यथास्थित छापलेली असतात, आणि खाली ‘तारपावादक व सहकारी’ एवढीच ओळ असते. पुढच्या हंगामाच्या पत्रिका छापावयास जाण्यापूर्वी त्या वादकाचे नाव, गाव आणि पाडा विचारून घ्यावा, आणि जागा अपुरी पडत असेल तर पाहुण्यांची पदे गाळावीत.