मुकादमाच्या आधी पोहोचा: बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, बीड यांस,


दसरा-दिवाळीच्या सुमारास वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीला निघालेल्या माणसांनी भरलेले ट्रॅक्टर आणि ट्रक निघू लागले, की स्थलांतराची चर्चा सुरू होते. मुलांना गावात कसे ठेवायचे, हंगामी वसतिगृहे कधी उघडायची, यावर बैठका होतात. या बैठका हव्यातच. पण जाणाऱ्या घरांचा निर्णय त्याच्या दोन-तीन महिने आधीच झालेला असतो. आषाढ-श्रावणात मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली, त्याच दिवशी तो झाला. हे पत्र मला त्या दोन-तीन महिन्यांसाठी लिहायचे आहे.

पेरणी झालेली असते, हातात दमडी नसते. घरात आजारपण निघते, मुलीचे लग्न ठरते, कॉलेजची फी भरायची असते. अशा वेळी मुकादम घरी येतो. तो गावातला किंवा शेजारच्या गावातला, ओळखीचा असतो. कागद मागत नाही, तालुक्याला खेटे घालायला लावत नाही. रोख पैसे हातावर ठेवतो, गाडीची सोय करतो, कारखाना ठरवतो. त्या पैशांच्या बदल्यात सहा महिने तो जोडप्याला बांधून घेतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नड असलेल्या घराला वेळेवर पोहोचणारा तो एकटाच आहे. त्याच्या तोडीची सोय आपली यंत्रणा उभी करू शकते का, हा माझा प्रश्न आहे. करू शकते, असे मला मनापासून वाटते.

कारण त्याच उंबऱ्यावर आपलीही माणसे रोज जातात. घरात कोण गरोदर आहे, हे आशाताईला ठाऊक असते. कुणाचे लेकरू दिवाळीनंतर अंगणवाडीत दिसणार नाही, हे सेविका आधीच सांगू शकते. कोणती मुले आई-बापामागे ऊसतोडीच्या अड्ड्यावर जाणार, याची यादी जिल्हा परिषदेच्या गुरुजींच्या डोक्यात असते. ग्रामसेवकांनी ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे दिली आहेत. रोजगारसेवकाकडे जॉबकार्डे आहेत. ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटाला तर कुणावर किती कर्ज आहे, हेही माहीत असते. एकाच घराविषयी एवढी माहिती एवढ्या वह्यांत पडून आहे आणि त्या वह्या एका टेबलावर कधी येत नाहीत. प्रत्येकाचा विभाग वेगळा, अहवाल वेगळा, साहेब वेगळा. या सगळ्यांना एकत्र बसवण्याचा अधिकार जिल्ह्यात ज्या मोजक्या खुर्च्यांना आहे, त्यांत आपली पहिली. म्हणून हे पत्र मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिले.

साहेब, उचल मिळते ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. आपल्या रोजगाराच्या योजना मात्र बहुधा एकट्या माणसाचा विचार करतात: एका तरुणाला प्रशिक्षण, एका बाईला शिलाई मशीन. बाई गावात थांबली, तर नवऱ्याचा अर्धा कोयता होतो आणि उचलही तशीच घटते. मागच्या हंगामाची अंगावरची बाकी मात्र पूर्ण राहते. मग ती जातेच. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. ती वाढ लढून मिळवलेली होती आणि रास्त होती. पण ही मजुरी आधी उचलीत वळती होते. पाडव्याच्या आसपास टोळ्या परततात, हिशेब होतो आणि कितीतरी घरांवर पुन्हा बाकीच निघते. तीच पुढच्या हंगामाची पहिली कडी.

या साखळीची किंमत बायकांनी शरीराने मोजली आहे. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीतही ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची, रात्री अड्ड्यावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, परतून चूल पेटवायची. गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड करणाऱ्या बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० बायकांमागे जवळपास ४४ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. मुलगी मागे एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर, हा आई-बापाचा प्रश्न खोटा नसतो, आणि लग्न लावले की एक नवा कोयताही तयार होतो. आरोग्य, शिक्षण, महिला-बालविकास असे वेगवेगळे विभाग याच्याशी वेगवेगळे झुंजतात. गावात सहा महिन्यांचे काम आणि वेळेवर पैसा असेल, तर तिन्ही विभागांचे ओझे एकदम हलके होईल.

गावात काम देणे या मातीला नवे नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आणि पाझर तलाव बांधून जगलेली माणसे अजून आपल्या गावांत आहेत. त्याच काळात वि. स. पागे यांनी पुढे नेलेल्या विचारातून महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. शहरातल्या पगारदारांनी व्यवसाय कर भरायचा आणि त्यातून खेड्यात मागेल त्याला काम द्यायचे, ही त्यामागची रचना होती. २००५ मध्ये देशाने याच वाटेने कायदा केला. तरीही आपल्या जिल्ह्यातून टोळ्या जातात, याचे एक मोठे कारण मजुरांना विचारले तर ते लगेच सांगतात: काम निघते, पण पैसे कधी येतील याचा नेम नसतो. ज्याच्या घरी आज पीठ नाही, तो महिनाभर खात्याकडे बघत बसू शकत नाही.

म्हणून माझे पहिले मागणे पैशांबाबत आहे. गाळलेल्या उसाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांनी द्यायचे, या तरतुदीवर गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे आहे. त्या निधीतून, ‘उमेद’च्या ग्रामसंघामार्फत, पावसाळ्यात बाईच्या नावाने छोटे आणि विनातारण कर्ज मिळावे, यासाठी आपण महामंडळाकडे प्रस्ताव पाठवावा. कर्ज देणारी बाई गावातलीच असेल, तर ओळख आहे, विश्वास आहे, कर्ज बुडवण्याची लाजही आहे. रोजगार हमीची मजुरी उशिरा आली, तरी तेवढे दिवस याच पैशांवर निघतील.

दुसरे मागणे कामाच्या वेळेचे. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ पिकते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा हंगाम आणि गाड्या निघायची वेळ जवळपास एकच! गर काढणे, प्रतवारी, साठवण ही कामे बायकांच्या गटांना त्याच आठवड्यांत मिळाली पाहिजेत. ज्यांच्या विहिरीला थोडेफार पाणी आहे, त्यांना तुतीचा आधार आहे. तुती लागवडीची मजुरी रोजगार हमीतून मिळते आणि रेशीम कोषांची खरेदी बीडच्या बाजार समितीत होते. ज्यांच्याकडे ना पाणी ना जमीन, त्यांच्यासाठी मात्र जलसंधारणाची कामे आधीच मंजूर होऊन तयार हवीत, आणि कामाच्या ठिकाणी लेकरे सांभाळायला एक बाईही. काम मागणीचे अर्ज ऑगस्टमध्येच भरून घ्यावेत. नोव्हेंबरमध्ये भरून घेतले, तर अर्ज भरायला गावात फक्त म्हातारी माणसे असतील.

सगळे थांबणार नाहीत, हे मी जाणतो. सगळ्यांना थांबवावे, असे माझे म्हणणेही नाही. ज्याला जायचे त्याने कमी उचलीवर, मुलांना मागे सुरक्षित ठेवून, ओळखपत्र घेऊन जावे. कारखान्याच्या अड्ड्यावर त्याला रेशन मिळावे आणि तिथल्या आशाताईला आपल्या आशाताईकडून गरोदर बाईची नोंद कळावी. यासाठी कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगावच्या आपल्या सहकाऱ्यांशी बोलणे आपल्यालाच शक्य आहे.

सेवाभावी संस्थांना आपण नुसते कार्यक्रमाला बोलावू नये. अंबाजोगाईचे ‘मानवलोक’ १९८० च्या दशकापासून या भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांत आणि बायकांत काम करते. आर्वीच्या ‘शांतिवन’ने ऊसतोडीच्या घरांतली मुले शिकवून मोठी केली. अशांना यादी करण्यापासून हिशेब तपासण्यापर्यंत बरोबरीने बसवावे. आपली बदली होईल, नवे साहेब येतील, पण ही माणसे इथेच असतील.

सुरुवात एकाच तालुक्यापासून करावी. मी वडवणी सुचवीन. तालुका लहान आहे आणि स्थलांतर मोठे. पहिला पाऊस पडण्यापूर्वी तिथे बैठक लावा. ग्रामसेवक, गुरुजी, आशाताई, सेविका, रोजगारसेवक आणि ‘उमेद’च्या ताई आपापल्या वह्या घेऊन येतील. त्यांच्याबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनाही बोलवा आणि त्यांचा बुडालेला रोज त्यांना द्या. पाडव्याला टोळ्या परतल्या, की त्याच बायकांसमोर ग्रामसभेत वाचून दाखवा: किती घरे थांबली, किती दिवस काम मिळाले, मजुरी किती दिवसांनी खात्यात आली. बैठकीची तारीख आपण जाहीर करावी, एवढी विनंती.

आपला नम्र,
बीड जिल्ह्यातील एक नागरिक