मिटलेले दुकान पुन्हा उघडावे काय?

गेल्या महिन्यातील गोष्ट. दुपारी चारचा सुमार होता. गोदामासमोर मालाने भरलेला ट्रक उभा, चालक घाईला आलेला, आणि आमच्या पेढीवरील प्रिंटर बीजक छापण्यास साफ नकार देत होता. शाई संपलेली नव्हती. आदल्याच आठवड्यात बाजारातून नवे कार्ट्रिज आणून बसविले होते. मात्र ते त्या प्रिंटरच्या कंपनीचे नव्हते, आणि यंत्राने रात्रीतून स्वतःला 'अद्ययावत' करून घेताना परक्या कार्ट्रिजला ओळखच दाखवावयाची नाही असे ठरविले होते. अखेर मुनीमजी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, बीजक आणि ई-वे बिल तेथे छापून आणले, आणि ट्रक पाऊण तास उशिराने हलला.

माझा पुतण्या हे सारे पाहत होता. तो म्हणाला, "काका, ॲपलने पुन्हा प्रिंटर विकायला हवेत. त्यांच्या यंत्रात हा प्रकार झालाच नसता."

त्यातील 'पुन्हा' हा शब्द किती वाचकांच्या ध्यानी येईल, कोण जाणे. आज फोनसाठी प्रसिद्ध असलेली ही कंपनी एके काळी प्रिंटरही विकत असे, आणि नुसती विकत नसे, तर त्या व्यवसायात तिने इतिहास घडविला होता. १९८५ साली तिने 'लेझररायटर' बाजारात आणला. किंमत ६,९९५ डॉलर. ज्या मॅकिंटॉश संगणकाला तो जोडावयाचा, त्याची आदल्या वर्षीची किंमत २,४९५ डॉलर होती. म्हणजे सोबतचे यंत्र मूळ यंत्राच्या जवळजवळ तिप्पट महाग. इतकेच नव्हे, त्या प्रिंटरमधील प्रोसेसर मॅकिंटॉशपेक्षा वेगवान होता आणि त्याची स्मृती मूळ मॅकिंटॉशच्या बारापट होती. आपल्यापैकी कोणी व्यापारी असा माल दुकानात ठेवावयास धजला असता काय?

आणखी एक गंमत अशी, की त्याच्या आतील छपाईचे यंत्र जपानच्या कॅननने बनविलेले होते आणि तेच यंत्र घालून एचपी कंपनीने वर्षभर आधीच 'लेझरजेट' ३,४९५ डॉलरला आणला होता. मग दुप्पट किमतीचे यंत्र कोणी का घ्यावे? कारण ॲपलने नुसता प्रिंटर विकला नाही. त्यात ॲडोबीची 'पोस्टस्क्रिप्ट' ही भाषा होती, जिच्यामुळे अक्षर लहान-मोठे केले तरी त्याची कडा स्वच्छ राही आणि मजकूर व चित्र एकाच पानावर हवे तसे मांडता येई. एका साध्या तारेने अनेक संगणक एकाच प्रिंटरला जोडता येत, त्यामुळे सात हजार डॉलरचा भार कचेरीतील सर्वांवर वाटला जाई. आणि त्याच वर्षी सिॲटलच्या ऑल्डस कंपनीने 'पेजमेकर' आणले. ह्या तिन्ही गोष्टी एकत्र येताच पानाची जुळणी छापखान्यातून निघून टेबलावर आली. विक्री मंदावलेल्या मॅकिंटॉशला घेण्यासारखे कारण मिळाले ते ह्या महागड्या प्रिंटरमुळे. पुढे आपल्याकडेही खिळे जुळविणारे छापखाने मागे पडले, आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' वापरून लग्नपत्रिकांपासून मासिकांपर्यंत सारे संगणकावर जुळू लागले, ते ह्याच वाटेने.

तेव्हा पुतण्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. त्या काळी प्रिंटरने संगणक विकला.

परंतु पुढची दहा वर्षे पाहा. जे ॲपलने आधी केले ते इतरांनीही केले. १९९१ पासून निघालेल्या 'स्टाइलरायटर' ह्या शाईच्या प्रिंटरांत आतील यंत्रणा कॅननची असे, पुढे काहींत एचपीची. वरचा डबा आणि नाव तेवढे ॲपलचे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर माल दुसऱ्याचा, पाटी आपली, आणि शेजारचा तोच माल स्वस्तात देतो आहे. १९९७ साली स्टीव्ह जॉब्स परत आले तेव्हा कंपनीला त्या एका वर्षात शंभर कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला होता. त्यांनी ज्या गोष्टी बंद केल्या त्यांत प्रिंटर होता. पुढच्या वर्षी आयमॅक आला आणि त्याला जोडता येतील असे यूएसबी प्रिंटर इतर कंपन्यांनी आपणहून काढले. बंद केलेल्या खात्याचे काम दुसऱ्यांनी, आपल्या भांडवलावर, केले!

आता आजचा व्यवसाय कसा आहे ते पाहू, कारण खरी मेख तेथे आहे. प्रिंटरचा धंदा हा प्रिंटरचा धंदाच नव्हे. तो शाईचा धंदा आहे. यंत्र जवळजवळ घातलेल्या किमतीला द्यावयाचे आणि पुढे वर्षानुवर्षे शाईवर कमवावयाचे. एचपीच्या एकूण उत्पन्नात छपाईचा वाटा सुमारे एक तृतीयांश आहे, पण नफ्यात तो निम्म्याहून अधिक आहे. आणि त्या छपाई खात्यातही निम्म्याहून अधिक उत्पन्न शाई व टोनरचे. साहजिकच परक्या शाईची धास्ती. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक प्रिंटरांनी अचानक इतरांची कार्ट्रिजे नाकारली. ग्राहक इतके संतापले की कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. लेक्समार्क कंपनी तर वापरलेले कार्ट्रिज पुन्हा भरणाऱ्यांवर न्यायालयात गेली. २०१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माल एकदा विकला की त्यावरील पेटंटचा हक्क संपला. आपल्या आजोबांना हे समजण्यासाठी न्यायालयाची गरज पडली नसती. विकलेल्या पोत्यातील साखर गिऱ्हाइकाने कोणत्या चहात घालावी, हे कोणता दुकानदार सांगतो?

पुतण्याचे म्हणणे असे, की ॲपल असे करणार नाही. मला ते पटत नाही. ज्या कंपनीचा फोन बाहेरची बॅटरी बसविली तर 'हा भाग अनोळखी आहे' असे पडद्यावर दाखवितो, ती शाईच्या बाबतीत एकाएकी उदार होईल, असे मानण्यास आधार काय? चांगल्या कारागिरीला आपण कधी कधी चांगली नियत समजून बसतो.

त्याचा दुसरा मुद्दा अधिक वजनाचा होता. "काका, त्यांनी मॉनिटरही बंद केले होतेच ना? मग परत आलेच की." हे खरे आहे. २०१६ साली ॲपलने स्वतःचा मॉनिटर विकणे थांबविले. २०१९ च्या अखेरीस ४,९९९ डॉलरचा नवा मॉनिटर आणला आणि २०२२ मध्ये १,५९९ डॉलरचा. बंद केलेले दुकान उघडता येते, याचे हे उदाहरण घरातलेच. मी दोन दिवस त्यावर विचार केला. फरक मला असा दिसतो : मॉनिटर एकदा विकला की व्यवहार पुरा झाला. चांगल्या पडद्याला अधिक पैसे देणारा चित्रकार, छायाचित्रकार, संकलक जगात आहे आणि तो नेमका ॲपलचाच गिऱ्हाईक आहे. प्रिंटरला अधिक पैसे देणारा कोण? फोनवर तिकीट दाखविणारी, पावती व्हॉट्सॲपवर घेणारी नवी पिढी तर नव्हे. कागदावर अद्याप जगतो तो आपल्यासारखा पेढीवाला, वकील, दवाखाना, शाळा. आणि आम्हाला हवा असतो पानामागे कमीत कमी पैशांत छापणारा, धूळ सोसणारा, गावातच दुरुस्त होणारा डबा. त्या डब्याला सुंदर असण्याची गरज नाही.

आणि प्रामाणिक मार्ग तर दुसऱ्याने आधीच धरला आहे. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियापासून टाकीचा प्रिंटर विकावयास सुरुवात केली : यंत्राचे पूर्ण मोल आधी घ्या आणि शाई बाटलीतून स्वस्तात ओता. ह्यात ॲपल येऊन नवीन काय करणार? उलट, २०१० सालीच तिने 'एअरप्रिंट' काढून इतरांच्या प्रिंटरांनाच आपल्या फोनशी बोलावयास शिकविले. त्यासाठी गोदाम नको, शाई नको, दुरुस्तीची माणसे नकोत. सॅमसंगसारख्या मोठ्या कंपनीनेही आपला प्रिंटर व्यवसाय २०१७ साली एचपीला देऊन टाकला. जेथून असे लोक उठून जात आहेत, तेथे नव्याने आसन मांडावयाचे तर कारण तसेच भक्कम हवे. १९८५ साली ते होते. आज मला ते सापडत नाही. म्हणून माझे उत्तर नकाराचे आहे.

आता वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुतण्याला ॲपलची एवढी काळजी का, हे मला दुसऱ्या दिवशी रात्री समजले. आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, अकरा वर्षांपूर्वी बाजारपेठेतील आमचे किरकोळ विक्रीचे दुकान बंद करून सारे लक्ष घाऊक व्यवहारात घातले. आईला तेव्हा फार वाईट वाटले होते; ते दुकान आजोबांचे. घाऊक व्यवहार मात्र त्यानंतरच वाढला, हे आम्ही सारे जाणतो. पुतण्याला ते दुकान पुन्हा उघडावयाचे आहे, आणि वडिलांपुढे विषय काढण्याआधी त्याने तो माझ्यापुढे प्रिंटरच्या रूपाने ठेवून पाहिला होता. माझा नकार ऐकून तो गप्प झाला तेव्हा मला उमगले.

मग आम्ही बसलो. मी त्याला विचारले, "तुझ्या दुकानात असे काय मिळेल, जे समोरच्या चार दुकानांत नाही?" तो म्हणाला की डाळी आपल्याच गोदामातून निवडून, लहान पिशव्यांत, ज्या शेतकऱ्याकडून आल्या त्याच्या गावाच्या नावासह विकावयाच्या. निवडणे आपल्या माणसांचे, पाटी आपली आणि मालही आपला. हे स्टाइलरायटरसारखे नव्हते, हे मला कबूल करावे लागले. पण भाडे कोण भरणार, पहिली दोन वर्षे उधारी किती होईल, ह्याची उत्तरे त्याच्याजवळ नव्हती. ती आकड्यांत लिहून आण, मग दादांकडे दोघे मिळून जाऊ, असे ठरले.

पेढीवर टाकीचा प्रिंटर आला आहे. परवा सकाळी मी पोहोचलो तेव्हा त्याच्या ट्रेमध्ये सहा पाने पडलेली होती. चार भाड्याच्या हिशेबाची, दोन उधारीची. उधारीचा आकडा मला थोडा कमी वाटला. पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.