मॉडेल शंभर, फोल्डर शून्य!

एक साधा प्रयोग करून बघा. आपल्या विंगमधले सगळे मोबाईल एका पलंगावर मांडा आणि एकाचं कव्हर दुसऱ्याला बसतं का ते बघा. आमच्याकडे चौदा फोन निघाले, त्यातले पाच एकाच कंपनीचे. एकाचंही कव्हर दुसऱ्याला बसेना! चार्जर मात्र टाईप-सी आल्यापासून सगळ्यांना चालतो, म्हणूनच तो कधी जागेवर सापडत नाही.

पहिल्या वर्षापासून आपल्याला इंटरचेंजेबिलिटी शिकवतात. एम-८ चा बोल्ट कुठल्याही कारखान्यातला असो, एम-८ च्या नटात बसलाच पाहिजे. मग दर महिन्याला नवीन मॉडेल काढणाऱ्या कंपन्यांमध्ये आपलेच सिनियर बसलेत, ते हे सगळं पेपर देऊन विसरले की काय?

एक उदाहरण घ्या. सॅमसंगने २०१९ मध्ये आपल्याकडे गॅलेक्सी एम मालिका आणली. ए मालिका होतीच. ऑक्टोबर २०२० मध्ये एफ मालिका आली, तिचा पहिला फोन एफ-४१. त्याच वर्षीच्या एम-३१ शी ताडून बघा. प्रोसेसर तोच, बॅटरी तीच ६००० एमएएच, मुख्य कॅमेरा तोच ६४ मेगापिक्सेल. मागचा एक कॅमेरा तेवढा कमी. मग वेगळं नाव कशासाठी? तर एम ॲमेझॉनवर आणि एफ फ्लिपकार्टवर! शाओमीचंही तेच. २०२० चा पोको एक्स-२ म्हणजे चीनमधला रेडमी के-३०. नावं दोन असली की किमतीची तुलना अवघड होते, आणि कंपनीला तेच हवं असतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, इंजिनिअरिंग करतो, तरी स्पेसिफिकेशनच्या दोन याद्या शेजारी ठेवून फरक शोधायला मला अख्खी संध्याकाळ लागली. कापूस विकून पोरीसाठी फोन घ्यायला आलेल्या माणसाने काय करावं?

कोणी म्हणेल, चॉईस असला तर बिघडलं काय? पुण्या-मुंबईत फारसं बिघडत नसेल. आमच्या धारणीत बिघडतं. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत मेळघाटातून दीडशे किलोमीटरच्या आसपास आलात की धारणी. इथल्या मोबाईल रिपेअरिंगवाल्याचं दुकान म्हणजे एक काउंटर आणि मागे डबे. त्यात तो किती मॉडेलचे फोल्डर ठेवणार? (फोल्डर म्हणजे काचेसकट डिस्प्ले, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको.) एक पडून राहिला की त्याचे पैसे अडकले. म्हणून त्याचं ठरलेलं उत्तर असतं, "भाऊ, याचा फोल्डर इथं नाही भेटत. अमरावतीहून मागवा लागते." आठ दिवस थांबा, नाहीतर बऱ्हाणपूर गाठा. तोवर मजुरीचा माणूस बिनफोनचा. त्या काळात ओटीपी कुठे येणार? आणि फोल्डरची किंमत ऐकली की जुना फोन ड्रॉवरमध्ये जातो आणि नव्याचा हप्ता सुरू होतो.

याच्या उलट हिरोची स्प्लेंडर बघा. १९९४ मध्ये आली, ९७.२ सीसीचं इंजिन अजून चालू आहे, आणि खेड्यातला मिस्त्रीसुद्धा डोळे मिटून ती खोलतो. नोकिया ११०० पण तशीच. २००३ मध्ये आली, टॉर्चवाली, पंचवीस कोटींच्या वर खपली. एवढ्या खपाच्या वस्तूचे पार्ट गल्लीत मिळणारच.

आता थोडं माझ्याच विरुद्ध बोलतो. मॉडेल एक असलं म्हणजे सगळं सुटतं असं नाही. राज्यातल्या अंगणवाडी ताईंना सरकारने एकसारखेच फोन दिले होते, २ जीबी रॅमचे. २०२१ मध्ये ताईंनी ते ठिकठिकाणी परत केले, कारण फोन अडकत, तापत, आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर येई. मेळघाटात कुपोषणाच्या नोंदी ज्या फोनवर व्हायच्या, त्याची ही गत! म्हणजे मॉडेल कमी हवीत, पण जी काढाल त्यांच्या मागे उभंही राहायला हवं. मला वाटतं खरी गोम इथेच आहे. शंभर मॉडेल काढणारी कंपनी शंभरांच्या मागे उभी राहूच शकत नाही.

युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे की, मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं स्पेअर पार्ट आणि निदान ५ वर्षं अपडेट द्यायचे. हे लागू झालं की प्रत्येक नवं मॉडेल काढताना कंपनीला गोदामाचा हिशोब आठवतो. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला, की फोन किती सहज दुरुस्त होतो याचे गुण ग्राहकाला दिसावेत. चांगलं आहे. पण गुण देताना दिल्लीतलं सर्व्हिस सेंटर धरू नका. खोक्यावर कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलएवढ्याच मोठ्या अक्षरांत दोन गोष्टी छापा, मराठीत: फोल्डर केवढ्याला, आणि धारणीत किती दिवसांत.