बर्गींची पोरं
परमुलखातली मराठी / मुशाफिर

विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, तशी कोलकात्यातही गेली. तिथं वाढणाऱ्या पोराला आपण मराठी आहोत हे आईबाप सांगतातच, भिंतीवरचे शिवाजी महाराजही सांगतात. पण ते त्याच्या अंगाला लागतं ते वर्गातल्या एखाद्यानं ‘तुम्ही बर्गी ना रे?’ म्हणून डिवचल्यावर.

बर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी 1742 पासून जवळपास दहा वर्षं बंगाल लुटला. त्यांच्या धास्तीनं कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, तो अर्धवटच राहिला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ अजून आहे. बंगाली आया आजही बर्गींची भीती घालून बाळं निजवतात. त्या अंगाईवर वाढलेला मित्र आणि पोवाड्यावर वाढलेला आपला पोरगा, दोघं एकाच बाकावर!

जीन फिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1989 मध्ये किशोरवयीनांच्या वांशिक ओळखीचे तीन टप्पे मांडले: आधी विचारच न केलेली, मग शोधाची आणि शेवटी स्वतः पारखून घेतलेली. घरून मिळालेला अभिमान बहुधा पहिल्याच टप्प्यातला. मंडळाचा गणपती, लेझीम, नऊवारी हे मला मनापासून आवडतं, पण त्यानं पोरगं दुसऱ्या टप्प्यात जात नाही. बर्गीचा टोमणा त्याला तिथं ढकलतो, आणि नेमकं तेव्हाच आपण ‘सोड रे, बंगाल्यांचं काहीतरी’ म्हणून विषय मिटवतो.

कशाला मिटवायचा? गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या त्याच काळातल्या बंगाली काव्यात ते अत्याचार नोंदलेले आहेत. पोरांना ते कळू द्यावं. सखाराम गणेश देऊस्करही कळू द्यावेत. 1869 साली देवघरजवळ मराठी घरात जन्मलेला हा माणूस बंगालीतून लिहायचा. त्यांचं ‘देशेर कथा’ 1904 मध्ये आलं आणि 1910 मध्ये इंग्रज सरकारनं त्यावर बंदी घातली. त्यांच्या शिवाजीवरच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी कविता लिहिली. बर्गींच्या आठवणीनं दचकणाऱ्या बंगालनं शिवाजी उत्सव केला, त्यामागेही देऊस्करच होते.

हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणेशोत्सवातली एक संध्याकाळ नववी-दहावीच्या पोरांना द्यावी. त्यांनी बर्गींवर बोलावं, बंगालीतून बोलले तर उत्तमच, आणि समोर वर्गातले बंगाली मित्र बसलेले असावेत. लेझीम त्यानंतर.