विश्लेषण : आयटीतल्या ‘कॉन्ट्रॅक्ट’मध्ये पैसा कोणाचा, जोखीम कोणाची?

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीतल्या आयटी कंपनीत एकाच रांगेत बसणाऱ्या, एकाच प्रोजेक्टवर काम करणाऱ्या दोन इंजिनीअर्सच्या गळ्यातल्या पट्ट्यांचे रंग वेगळे असू शकतात. सकाळच्या मीटिंगला दोघंही असतात. रात्री सिस्टीम बंद पडली तर फोनही दोघांना जातो. पण एकाच्या सॅलरी स्लिपवर त्या कंपनीचं नाव असतं, दुसऱ्याच्या स्लिपवर भलत्याच स्टाफिंग एजन्सीचं.

हा दुसरा म्हणजे ‘कॉन्ट्रॅक्टर’. त्याला पर्मनंट सहकाऱ्यापेक्षा जास्त पैसे मिळतात, असं समजलं जातं. खरंच मिळतात का?

मधल्या माणसाचा हिशोब

आयटीत ‘कॉन्ट्रॅक्ट’ या एकाच शब्दाखाली वेगवेगळे व्यवहार चालतात. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे थर्ड पार्टी पेरोल. काम क्लायंट कंपनीचं, नोकरी मात्र एजन्सीची. क्लायंट एजन्सीला दर तासाला किंवा महिन्याला ठरलेली रक्कम देतो. त्याला ‘बिल रेट’ म्हणतात. त्यातून आपला खर्च आणि नफा काढून एजन्सी उरलेला पगार देते.

समजा, क्लायंट महिन्याला दोन लाख मोजतोय आणि इंजिनीअरला सव्वा लाख मिळतायत. मधल्या ७५ हजारांत पीएफ, विमा वगैरे आलं, पण बाकी किती उरलं हे इंजिनीअरला सहसा कळत नाही. कधी एका एजन्सीखाली दुसरी एजन्सी असते. मग वाटा आणखी कापला जातो.

खरी अडचण इथे आहे. कॉन्ट्रॅक्टमध्ये जास्त पैसे मिळायला हवेत, कारण काम कधीही थांबू शकतं. ती त्या जोखमीची किंमत असते. इथे मात्र किंमत क्लायंट मोजतो, जोखीम इंजिनीअर घेतो आणि फरकाचे पैसे मधल्यामध्ये राहतात.

त्यात ‘कॉन्ट्रॅक्ट टू हायर’ची आशा असते. सहा महिने किंवा वर्षभर काम करा, मग पर्मनंट करू. हे बोलणं बहुतेकदा इंटरव्ह्यूत होतं, ऑफर लेटरमध्ये मात्र ते बंधनकारक शब्दांत उतरत नाही. पुढची नोकरी शोधतानाही प्रश्न येतो. रेझ्युमेवर नामांकित क्लायंटचं नाव आणि पीएफच्या नोंदीत एजन्सीचं, त्यामुळे पडताळणीत खुलासे देत बसावं लागतं.

फायदा कोणाला होतो?

जो स्वतः बिल काढतो त्याला. म्हणजे एजन्सीच्या पगारावर नसलेला, थेट क्लायंटबरोबर करार करणारा कन्सल्टंट. त्यातही परदेशी क्लायंट असेल तर चित्र पारच बदलतं.

याचं मोठं कारण कर आहे. १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम ४४एडीएने व्यावसायिकांना एक सोय दिली. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाखांपर्यंत), तर निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते आणि कर तेवढ्यावरच लागतो. २०२५-२६च्या नव्या करप्रणालीच्या दरांनी ३० लाख पगार घेणाऱ्याचा कर साधारण पावणेपाच लाख होतो. तेवढीच जमा असलेल्या कन्सल्टंटचा सुमारे एक लाख दहा हजार.

अर्थात, करारात कामाचे तास, रजा, मॅनेजर सगळं नोकरीसारखंच असेल, तर आयकर विभाग हा पगारच आहे असं म्हणू शकतो. देशातल्या क्लायंटकडून वर्षाला २० लाखांपेक्षा जास्त जमा झाली की जीएसटी नोंदणी आणि १८ टक्क्यांची आकारणीही आली.

आणि रिकामे महिने? महिन्याला दीड लाख म्हणजे वर्षाचे १८ लाख, हे गणित दोन कॉन्ट्रॅक्ट्सच्या मध्ये दोन महिने गेले की १५ लाखांवर येतं. तेही भरपगारी रजा, ग्रॅच्युइटी, कंपनीचा आरोग्य विमा यांच्याशिवाय. १५ लाखांच्या पर्मनंट ऑफरपेक्षा हे जास्त नाही, कमीच आहे.

पण पर्मनंट तरी किती पर्मनंट?

हा प्रश्न २०२५ मध्ये टोकदार झाला. जूनमध्ये टीसीएसने वर्षाला किमान २२५ दिवस बिलिंगचं काम आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस असा नियम आणला. जुलैमध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून जास्त कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. बेंचवर बसूनही पगार चालू राहणं हा पर्मनंट नोकरीचा मोठा आधार होता. तोच आक्रसला, तर कॉन्ट्रॅक्टची भीतीही आपोआप कमी होते.

नव्या कायद्याने काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ला चार कामगार संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबायची गरज राहिली नाही, एक वर्ष पुरेसं आहे. वर्षाला १५ दिवसांचं वेतन, असा हा हिशोब आहे. नोकरी सुटल्यावर थकलेलं वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत देण्याची तरतूदही आहे. थर्ड पार्टीतल्या इंजिनीअरचा मालक एजन्सी असल्याने ग्रॅच्युइटी मागायची तीही तिच्याकडेच.

कागदावर हे चांगलं आहे. पण अमेरिकेत काय झालं तेही बघायला हवं. वर्षानुवर्षं ‘तात्पुरते’ म्हणून राबलेल्या कर्मचाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. २००० साली कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. पण कंपनीने सगळ्यांना कायम करून घेतलं नाही. तात्पुरत्या माणसाने वर्षभर काम केलं की १०० दिवस बाहेर, असा नियम आला.

आपल्याकडे तर अकरा महिन्यांच्या कराराची सवय भाड्याच्या घरापासूनच आहे. ग्रॅच्युइटीची रेषा एक वर्षावर आली, तर करार अकरा महिन्यांचे करून मध्ये खंड पाडण्याचा मोह एजन्सींना होऊ शकतो. त्यामुळे ऑफर लेटरमध्ये पगाराखालोखाल कराराची तारीख बघावी लागेल. त्याबरोबर नोटीस पीरियडही. इंजिनीअरने सोडायचं तर ६० किंवा ९० दिवस आणि क्लायंटने काम थांबवलं तर आठवडा-पंधरा दिवस, अशी अट असेल तर सही करण्याआधीच ती दोन्हीकडून सारखी करून मागता येते. एकदा लॅपटॉप हातात आल्यावर एजन्सी त्यावर बोलायला सहसा तयार होत नाही.