चौरस सेंटिमीटरांपलीकडे

अंडी देणाऱ्या कोंबडीला पिंजऱ्यात किती जागा मिळावी, याभोवतीच पिंजरा पद्धतीची चर्चा फिरत राहिल्याने, त्या जागेत तिला करता काय येते, हा अधिक मूलभूत प्रश्न मागे पडला आहे. दर पक्ष्यामागे सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर ही दीर्घकाळ रूढ असलेली जागा ए-फोर कागदाहून लहान असून तीत पंख पसरणे अशक्य. परंतु आडोशाला अंडे घालणे, दांडीवर बसणे, मातीत अंग घोळणे या उपजत क्रिया जागा थोडी वाढवूनही साधत नाहीत. दीर्घकाळ ताणाखालील पक्ष्यात कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे संप्रेरक, वाढते, रक्तातील पांढऱ्या पेशींचे परस्परप्रमाण बदलते आणि रोगप्रतिकारशक्ती खालावते. तेव्हा कोंबडीचा ताण हा केवळ भूतदयेचा विषय नसून मोजता येणारी वस्तुस्थिती आहे.

त्यात विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्याची भर पडते. घामाच्या ग्रंथी नसल्याने कोंबडी चोच उघडून धापा टाकते, धापांमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवच घडवणारे कॅल्शियम कार्बोनेट अपुरे पडून अंडे पातळ कवचाचे निघते. मोकळा पक्षी सावली गाठतो, पंख अंगापासून दूर धरतो. पिंजऱ्यातल्या दाटीत तेवढीही सोय नाही.

प्राण्याला हालचालीची वाजवी संधी न देणाऱ्या पिंजऱ्यात कोंडणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हाच आहे, आणि विधी आयोगाने २०१७च्या २६९व्या अहवालात कोंबड्यांसाठी स्वतंत्र नियमांचा मसुदाही दिला. युरोपीय संघाने १९९९मध्ये निर्णय घेऊन २०१२पासून साध्या पिंजऱ्यांवर बंदी आणली. पर्यायी पिंजऱ्यात ७५० चौरस सेंटिमीटर जागेबरोबर घरटे आणि दांडीही सक्तीची केली. मधला बारा वर्षांचा अवधी पोल्ट्रीधारकाला कर्ज फेडून शेड बदलण्यासाठी होता, आणि आपल्याकडील हितचिंतकांना नेमका त्याचाच विसर पडतो.

कारण खर्चाचा प्रश्न टाळून सुधारणा होणार नाही. पिंजरे काढणाऱ्याच्या शेडमध्ये पक्षी कमी मावतात आणि मजुरी वाढते, मात्र पालनपद्धतीनुसार दर वेगळा नसेल तर अधिक खर्च करणाराच तोट्यात जातो. युरोपात अंड्यावरील संकेतांकाचा पहिला आकडा पालनपद्धत दाखवतो, ३ म्हणजे पिंजरा. केंद्राने असे चिन्ह येथेही सक्तीचे करावे, शेडबदलासाठी सवलतीचे कर्ज द्यावे आणि शालेय पोषण आहारातील अंड्यांच्या सरकारी खरेदीपासून वेगळ्या दराची सुरुवात करावी.